विंगेतलं स्टूल

आमच्या त्रिशलाला एक वाईट खोड होती. डोळ्यांपुढं अक्षर आलं की ते तोंडावाटे बाहेर पडलंच पाहिजे. शेंगदाण्याची पुडी सोडली तर दाणे राहिले बाजूला, आधी पुडीचा कागद. "आक्का, बघा, 'विहिरीत पडलेली म्हैस सुखरूप' म्हणे." लग्नपत्रिका आली की दारातच उभ्या उभ्या वाचायची, मुहूर्तापासून ते किलबिलाटापर्यंत. औषधाची बाटली, एसटीची पाटी, पेंडीचं पोतं, काही म्हणून सुटायचं नाही. घरात आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात हे सुरू झालं आणि सहा वर्षं माझ्या कानाशी चालू होतं.

"मला डोळे आहेत," मी म्हणायची.

"होय आक्का," म्हणायची आणि पुढची ओळ वाचायची.

निपाणीची पोरगी. बी.ए., बी.एड., हायस्कुलात मराठीची बाई. मी दुसरीत शाळा सोडलेली. मला वाटायचं, शिकलेलं मिरवते. सासूच्या नाकावर टिच्चून मिरवते. आणि वर तोंड असं गरीब की भांडावं तर आपणच कजाग दिसावं.

मी सांगते ती गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. त्या दिवशी सकाळी आम्ही तंबाखूच्या वखारीत जमलो होतो. आमच्या नवरस संगीत मंडळीच्या तालमी तिथंच व्हायच्या. गाणाऱ्या माणसांनी तंबाखूच्या वखारीत तालीम करायची ही अक्कल आमच्या यजमानांची, आण्णांची. म्हणायचे, "इथं ज्याचा सूर लागला त्याचा कुठंही लागेल." निम्मे नट शिंकत, निम्मे खोकत, पण सूर लागायचा. दिवसा कुणी बँकेत, कुणी गुळाच्या अडतीत, कुणी डॉक्टरकडं कंपाउंडर, आणि जत्रा-उत्सव आला की तोंडाला रंग. धड धंदेवाईक नाही, धड हौशी नाही. प्रयोगाची नाइट मिळायची, पण त्यावर कुणाची चूल पेटत नव्हती. कुरुंदवाडच्या आसपास वीस कोसांत 'संगीत चित्रध्वज' म्हटलं की आमचंच.

आण्णा गेले आणि मंडळी माझ्या मुलाच्या, भरतेशच्या हातात आली. त्याला स्पर्धेचं वेड. सांगलीला स्पर्धा होती, तिथं अडीच तासांची अट. आमचं नाटक पाच अंकी, साडेपाच तासांचं. पोरानं चार महिने बसून कात्री चालवली. त्या सकाळी त्यानं तपकिरी कव्हर घातलेली नवी पुस्तकं वाटली, गळ्यातलं स्टॉपवॉच चाचपलं आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"आक्का, एक बोलू?"

"बोल की. तोंड काय भाड्यानं आणलंस?"

"ह्या वेळी प्रॉम्प्टिंगला त्रिशलाला बसवू या. संहिता नवी आहे. तुला त्रास कशाला?"

शिंकणारेसुद्धा थांबले. एकवीस वर्षं विंगेतल्या त्या स्टुलावर मी बसत होते. नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, हे माझं काम. लाकडी स्टूल, एक पाय आखूड, त्याखाली नारळाची करवंटी लावलेली. त्या स्टुलावर मी पद्माक्का होते. खाली उतरले की कोण? भरतेशची आई. लुगडी घड्या करणारी, दशम्या बांधून देणारी म्हातारी.

"भरतेश," मी म्हटलं, "एकवीस वर्षांत माझ्या तोंडून एक शब्द चुकीचा गेलाय?"

"नाही."

"गुळवणी, तुम्ही सांगा. गेलाय?"

गोविंदराव गुळवणी म्हणजे आमचा राजा चित्रध्वज. बँकेत कॅशियर. गळा असा की पहिल्या ओळीलाच बायका पदर सावरून बसायच्या. पण पाठांतराच्या नावानं शंख. पदं तेवढी पाठ, गद्य एक ओळ नाही. राजदंड दोनदा जमिनीवर आपटला की समजायचं, गडी अडला, शब्द टाका. प्रेक्षकांना वाटायचं राजाचा काय रुबाब!

"छे छे," गुळवणी म्हणाले. "आक्का आहेत म्हणून मी राजा. नाहीतर मी नोटाच मोजतोय."

"ऐकलंस? आता तूही ऐक आणि सगळ्यांनी ऐका. ज्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द चुकीचा जाईल, त्या दिवशी मी आपण होऊन स्टुलावरनं उठेन. कुणी उठवायची गरज नाही."

भरतेश स्टॉपवॉच चाचपत मागं सरकला. त्रिशला नवं पुस्तक उघडून बसली होतीच. "आक्का, बघा, 'अंक पहिला, प्रवेश पहिला. स्थळ: राजवाड्याचे उद्यान...'"

"मला डोळे आहेत!" मी म्हटलं आणि पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं.

आता खरं सांगते. तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

डोळे होते, पण वाचता येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. भरउन्हात, छापील मोठं अक्षर असलं, तर बोट ठेवून एकेक शब्द निघायचा, विहिरीतून घागर ओढावी तसा. अंधाऱ्या विंगेत, लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात, छे.

झालं होतं असं. त्याच्या एकवीस वर्षं आधी आमचे प्रॉम्प्टर मास्तर आण्णांशी भांडून दुसऱ्या अंकातच निघून गेले. राजा रंगमंचावर अडला. मी विंगेत राणीच्या निऱ्या काढत होते. निऱ्या हातात धरूनच मी पुढचं वाक्य टाकलं, मग त्याच्या पुढचं, असं थेट पाचव्या अंकाच्या शेवटापर्यंत. मंडळीत लग्न होऊन आल्यापासून रोज ऐकत होते, सगळं नाटक पोटात होतं. प्रयोग संपल्यावर आण्णांनी मला स्टुलावर बसवलं, हातात पुस्तक दिलं आणि हळूच म्हणाले, "हे नुसतं धर. लोकांना बरं वाटतं." हे त्यांना ठाऊक आणि मला. ते गेल्यावर मलाच.

त्यांनी मला एकच धडा दिला. "पद्मा, नट अडला की शब्द द्यायचा. तो डोळे वटारेल, हातानं नको म्हणेल, नाटक संपल्यावर शिव्या घालेल. तरी द्यायचा. त्याला वाटत असतं त्याला आठवतंय. त्याला आठवत नसतं."

तर नवी संहिता. मी काय केलं? एकही तालीम चुकवली नाही. वखारीत खांबाला टेकून बसायचं, पुस्तक मांडीवर, कान उघडे. कुठं तोडलंय, कुठून कुठं उडी मारलीय, सगळं कानानं टिपलं. रात्री अंथरुणात मनातल्या मनात अख्खं नाटक म्हणायचं. बाराव्या तालमीला माझी एक ओळ चुकली नाही. भरतेशची चुकली, ती मी सुधारली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्रिशला मात्र प्रत्येक तालमीला माझ्या शेजारी येऊन बसायची. जागा नसली तरी दागिन्यांच्या ट्रंकेवर टेकायची. आपलं पुस्तक उघडायची आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, मला ऐकू जाईल इतपत.

"काय मंत्र म्हणतीस गं?"

"काही नाही आक्का. मला मनात वाचता येत नाही."

"बी.एड.वाल्या बाईला मनात वाचता येत नाही!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. सगळे हसले. तीही हसली. पुटपुटणं काही थांबलं नाही.

स्पर्धेचा दिवस उजाडला. आमचा प्रयोग सकाळी अकराचा. अकरा वाजता कुणाचा गळा तापतो सांगा? पण चिठ्ठीत तीच वेळ निघाली. पहाटेच भाड्याची मिनीबस निघाली. पुढं मंडळी, मागं ट्रंका, राजदंड, घड्या घालून ठेवलेला राजवाडा, आणि ट्रंकांच्या राखणीला मी. माझ्या शेजारी अर्थातच त्रिशला.

शिरोळ मागं पडलं तसा भरतेश पुढच्या सीटवर उभा राहिला. रात्रभर झोपला नव्हता. बसच्या खडखडाटात ओरडून म्हणाला, "काल घड्याळ लावून बघितलं. आठ मिनिटं जास्त होताहेत. वेळ ओलांडली की गुण गेले. मी आणखी एक प्रवेश काढलाय. पुस्तकात लाल पेन्सिलनं खुणा केल्यात. सगळ्यांनी बघून घ्या!"

कुठला प्रवेश ते बसच्या आवाजात मागं पोचलंच नाही. पुस्तकं हातोहात मागं आली. माझं पुस्तक माझ्या मांडीवर पडलं. उघडलं तर लाल रेघांचा नुसता गुंता. बस हलतीय, अक्षरं नाचताहेत. एक शब्द लागेना. पण तोंडावर? तोंडावरची माशी हलली नाही. मी 'हं, हं' करत पान उलटलं.

त्रिशलानं वाकून बघितलं आणि सुरू झाली. "आक्का, 'पान एकेचाळीस, अंक चौथा, इथून...'"

पुढच्या सीटवरून गुळवणी मान वळवून बघत होते. त्यांना गमतीची सवय. "काय आक्का," ते म्हणाले, "सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतात होय?"

बसमधली चारपाच डोकी मागं वळली.

माझं अंग असं पेटलं म्हणून सांगू! एकवीस वर्षं जे पदराआड धरलं होतं त्यालाच गुळवण्यानं हसत हसत हात घातला होता. त्यानं काही मनात धरून घातला नव्हता, पण मला ते कुठं कळतंय?

"गप बस!" मी त्रिशलावर ओरडले. "सहा वर्षं कान किटले माझे. जे दिसेल ते वाच, जे दिसेल ते वाच! मी काय आंधळी आहे? का तुझ्या शाळेतली पोर आहे? परत माझ्यापुढं एक अक्षर वाचलंस तर बघ."

तिनं पुस्तक मिटलं. "होय आक्का," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. सांगलीपर्यंत पाट्यांमागून पाट्या गेल्या. एक वाचली नाही.

मला वाटलं, चला, एकदाची जिरली.

नाट्यगृह मोठं होतं. खुर्च्या मऊ, आणि परीक्षक तिघं, तिघांच्याही मांडीवर कागद. नांदी झाली, पडदा वर गेला. पहिला अंक लोण्यासारखा गेला. गुळवणींचा गळा सकाळच्या वेळेलासुद्धा असा काही लागला की दुसऱ्या पदाला वन्समोअर आला, आणि समोरच्या विंगेत भरतेशनं स्टॉपवॉचकडं बघून कपाळाला हात लावला. मी माझ्या स्टुलावर. करवंटी घरून आणायला विसरले नव्हते. त्रिशला मागं ट्रंकेवर. त्या दिवशी पुटपुटत नव्हती. गप म्हणजे गप.

चौथा अंक. राजा चित्रध्वज वेषांतर करून परक्या नगरीत उभा आहे. राजकन्येच्या विरहानं व्याकुळ. लांबलचक स्वगत. गुळवणी माझ्या तोंडाकडं कान लावून एकेक वाक्य उचलत होते. स्वगत संपलं. वेषांतरातही हातात असलेला राजदंड दोनदा आपटला. ठक, ठक.

मी शब्द टाकला. एकवीस वर्षं आणि बारा तालमी त्या जागी जो शब्द येत होता तोच.

"कोण आहे तिकडे? मंजुळे, दीप घेऊन इकडे ये."

गुळवणींनी छाती भरून घेतली आणि गडगडले, "कोण आहे तिकडे? मंजुळे, दीप घेऊन इकडे ये!"

कुणी आलं नाही.

मंजुळा म्हणजे राजकन्येची दासी. तिनं तबकात दिवा घेऊन यायचं, अंगठी द्यायची, चार पानांचा प्रवेश. मी मान वळवून मागं बघितलं. मंजुळेचं काम करणारी हेमा माझ्यामागं चार हातांवर उभी, पण दासीचा वेष उतरवून अंगावर राजमातेचं लुगडं, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप अर्धवट बसवलेला, तोंडात टोपाचे दोन आकडे. माझ्याकडं बघून तिचे डोळे बश्यांएवढे झाले होते.

"मेले, उभी काय राहिलीस?" मी दातओठ खाऊन म्हटलं. "जा की!"

तोंडातले आकडे तसेच ठेवून ती जोरजोरात मान हलवायला लागली.

रंगमंचावर गुळवणींनी घसा साफ केला. "मंजुळे... अगं मंजुळे!"

प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं. ऑर्गनवर आमचे बापू, त्यांनी दोन्ही हात वर धरलेले, खाली टेकवावेत की नको कळेना. समोरच्या विंगेत भरतेश हातांनी कात्रीची खूण करत होता, तोंड लालबुंद. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. काढलेला प्रवेश तो हाच.

माझ्या हातात पुस्तक होतं. त्यात सगळं लिहिलेलं होतं, कुठून काढलं, कुठं जोडलं, पुढचा शब्द कोणता. हातात होतं आणि माझ्या काही कामाचं नव्हतं. मी लाल उजेड पानावर धरला. रेघा, नुसत्या रेघा. घामानं बोटं कागदाला चिकटली. राजदंड परत आपटला. ठक, ठक. मग ठक ठक ठक.

कानाशी ऊब आली. त्रिशला ट्रंकेवरून उठून माझ्या पाठीशी टेकली होती. माझ्या हातातल्या पुस्तकात बघत नव्हती, तिचं तिला पाठ होतं.

"आक्का, एकेचाळीस ते चव्वेचाळीस काढलंय. मंजुळा नाही. स्वगतावरून थेट पद."

"कुठलं?"

"'चांदणेच का मजसी पोळते.'"

"तू टाक."

"माझा आवाज वर्गातला आहे, आक्का. शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल. तुम्ही टाका."

खरं होतं. शब्द टाकणं म्हणजे ओरडणं नव्हे. नुसत्या श्वासावर शब्द बसवून नटाच्या कानात सोडायचा, पहिल्या रांगेलाही कळता कामा नये. ते मला येत होतं. पण पद टाकून भागणार नव्हतं. राजानं तीनदा हाका मारून बोलावलेल्या त्या मंजुळेचं काय करायचं? ती येणार नव्हती. मग तिला यायला नको म्हणायला हवं.

जन्मात पहिल्यांदा मी पुस्तकात नसलेलं वाक्य टाकलं.

"नको मंजुळे. नको येऊस. आज तुझ्या दिव्याचाही उजेड मला सोसायचा नाही."

गुळवणींना काय, शब्द मिळाला की तो त्यांचा. त्यांनी पुढं टाकलेला हात हळूच मागं घेतला, मान खाली घातली आणि अशा आवाजात ते वाक्य म्हटलं की मलाच कसंसं झालं. त्याच्या पाठोपाठ मी पदाचे दोन शब्द सोडले, "चांदणेच का..." पद त्यांच्या पोटातलंच. बापूंची बोटं ऑर्गनवर पडली. गुळवणी गायले. सगळं नाट्यगृह गार झालं.

त्यापुढचा सगळा अंक त्रिशला माझ्या कानात सांगत होती आणि मी रंगमंचावर सोडत होते. मला पुढचं येत होतं, तरी मी तिला गप बस म्हटलं नाही.

प्रयोग दोन तास एकोणतीस मिनिटांत बसला. रंगपटात गुळवणी मिशा काढत होते तेवढ्यात परीक्षकांतले एक वयस्क गृहस्थ आत आले. निकालाबद्दल बोलता येत नाही, म्हणाले, पण राहवलं नाही. "मंजुळेला परत पाठवतो ते वाक्य! काय लिहीत होते जुने नाटककार! आता असं कोण लिहितंय?" गुळवणी नम्रपणे हसले. ते गेले.

गेले तसा भरतेश आत आला.

"मंजुळेला कुणी बोलावलं?"

हेमानं टोपातले आकडे काढायला सुरुवात केली. सगळ्यांची नजर फिरून फिरून माझ्यावर येत होती आणि परत आरशाकडं जात होती. वखारीत मी काय बोलले होते ते सगळ्यांना आठवत होतं. मलाही.

"माझं चुकलं," त्रिशला म्हणाली.

"तुझं?"

"आक्कांच्या हातातलं पान मी उलटलं. एकाऐवजी दोन उलटली. त्यांनी मग सांभाळून घेतलं."

"तुला विंगेत बसायला सांगितलं होतं कुणी?" भरतेशचा सगळा राग तिच्यावर निघाला. "एवढी शिकलेली तू! एक पान नीट उलटता येत नाही? आजपासून विंगेत पाऊल टाकायचं नाहीस. आक्काच्या जवळपाससुद्धा फिरकायचं नाहीस. एकवीस वर्षांत त्या बाईचा शब्द चुकला नाही आणि तुझ्यापायी..."

"होय," ती म्हणाली.

आणि मी? ह्या जिभेनं अख्खं कुरुंदवाड धाकात ठेवलं होतं. ती जीभ तेव्हा टाळ्याला चिकटून बसली. मी राणीच्या शालूची घडी घालत राहिले. चारदा घातली, चारदा चुकली.

परतीला दुपार टळून गेली होती. मिनीबसमध्ये दशम्या आणि शेंगांची चटणी फिरली, गुळवणींनी चटणी तीनदा मागून घेतली. सगळे खुशीत. मी मागं ट्रंकांपाशी. त्रिशला माझ्या शेजारी, पण मधे वीतभर जागा सोडून. खिडकीबाहेर पाट्या जात होत्या. उसाच्या रसाची, पंक्चरची, कसल्या तरी उद्घाटनाची. निळी पाटी, पिवळी पाटी. ती बघत होती, ओठ मिटलेले.

अंकलीचा पूल गेला. तिथं एक मोठी थोरली पाटी होती, नवीकोरी, लाल अक्षरांची. सकाळी जाताना नव्हती का मी बघितली नव्हती कुणास ठाऊक. मला ती हवी होती. जीव तळमळायला लागला माझा, त्यावर काय लिहिलंय ते कळावं म्हणून. सहा वर्षांत मला असं कधी झालं नव्हतं, कारण सहा वर्षांत मला कधी विचारायला लागलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आधी ते माझ्या कानात पडलेलं असायचं. लग्नाचा मुहूर्त, औषधाचे चमचे, एसटीचं गाव.

मी तिच्याकडं वळले. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

ती घाबरली. "काय, आक्का?"

"वेड पांघरू नकोस."

तिनं पुढं बघितलं, मग हळूच म्हणाली, "लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. जयसिंगपूरच्या प्रयोगाला घाईत मी तुमच्या हातात चुकीचं पुस्तक दिलं. कव्हर सारखंच, तपकिरी. ते माझं, शाळेत बदली तासाला नेलेलं, आठवीचं भूगोलाचं पुस्तक होतं."

"मग?"

"मग तुम्ही पाची अंक त्यावर चालवलेत. पानं उलटत होता मधून मधून."

मी दोन्ही हातांनी ट्रंक धरली. बस एका मोठ्या खड्ड्यातून गेली. मग उठून उभी राहिले.

"भरतेश! गाडी हळू घ्यायला सांग त्याला. मला बोलायचंय."

सगळे वळले. गुळवणींच्या मिशीला चटणी लागली होती.

"मंजुळेला मी बोलावलं," मी म्हटलं. "हिनं पान उलटलं नाही. पान उलटलं काय आणि न उलटलं काय, मला सारखंच. मला अंधारात वाचता येत नाही, उजेडातही धड येत नाही. एकवीस वर्षं मी पुस्तक नुसतं धरलंय. आण्णांना ठाऊक होतं. ही सकाळी वाचून दाखवत होती, तर मी हिलाच गप केलं. झालं? आता तोंडं मिटा."

मग गुळवणी म्हणाले, "म्हणजे जयसिंगपूरला मी पाच अंक भूगोलावर केले?"

मागचं सगळं ऐकलं होतं मेल्यानं.

हेमाला हसू फुटलं, मग बापूंना, मग सगळी बस. भरतेश तेवढा हसला नाही. "आक्का," म्हणाला, "ते वखारीत बोललीस ते जाऊ दे. तुझं स्टूल तुझंच आहे."

"तू कोण देणारा? मी शब्द दिला होता. मी उठले."

मी खाली बसले. मधली वीतभर जागा सोडली नाही, अंगाला अंग लावून बसले. त्रिशलाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला रडणारी बाई बघवत नाही, मग ती कुणीही असो.

"रडतीस कशाला? मला अजून तुला बोलायचंय, ते संपू दे. सकाळी मी गप बस म्हटलं तर तू गप बसलीस. का?"

"तुम्ही रागावला होता, आक्का. सगळ्यांसमोर..."

"मी रागावले होते! मग?"

पुढं सगळी बस कान टवकारून होती. असू दे म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना.

"ऐक, त्रिशला. सून म्हणून तुला नाव ठेवायला जागा नाही, आणि हे मी परत म्हणणार नाही. पण प्रॉम्प्टर म्हणून तू अगदी कुचकामी आहेस. सहा वर्षं एका नटीला न चुकता शब्द दिलास, आणि ज्या दिवशी ती खरी अडली त्या दिवशी तिनं डोळे वटारले म्हणून पुस्तक मिटून बसलीस? पुढच्या प्रयोगाला स्टुलावर तू बसायचंस. मी मागं ट्रंकेवर बसून तुला शब्द सोडायला शिकवीन, तो वर्गातला आवाज आधी खाली आणायला हवा. आणि मी कितीही ओरडू दे, शिव्या घालू दे, गप बस म्हणू दे, तरी शब्द द्यायचा. मला वाटत असतं मला येतंय. मला येत नसतं."